पोत्यावर ‘भारत’ लिहिलंय ना?

परभणी जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. 2025 च्या जूनमधली एक सकाळ अजून डोक्यातून जात नाही. आठवडाभर वाट पाहिल्यावर डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) खताची 60 पोती उतरली, अन् शटर उघडायच्या आत दारात दीडशे माणसं. ठोकवाल्यानं डीएपीसोबत न खपणारी विद्राव्य खतंही माझ्या गळ्यात मारली होती. अशा लिंकिंगला, म्हणजे एका खतासोबत दुसरं लादायला, बंदी आहे म्हणे, ती कागदावरच.

माणशी एक पोतं, असं ठरवलं. बारा एकरवाल्या आप्पांनी मशीनवर अंगठा लावला अन् अडून बसले. “एका पोत्यात काय पेरू?”

“माल बाहेरून येतो आप्पा. चीननं निर्यात आवळलीय.”

त्यांनी पोत्यावर बोट ठेवलं. “यावर ‘भारत’ लिहिलंय ना? तुझ्या बापानं मला कधी असं फसवलं नव्हतं.”

2022 पासून कंपनी कोणतीही असो, पोत्यावर ‘भारत डीएपी’च छापतात. आतला माल मात्र बराचसा सौदी, मोरोक्को, रशियाचा. इथल्या कारखान्यात बनतो त्यालाही रॉक फॉस्फेट नाहीतर फॉस्फोरिक आम्ल बहुतेक बाहेरूनच आणावं लागतं. पोटॅश तर जवळपास सगळंच आयात. चीननं 2021 मध्येही असाच हात आखडला होता, तेव्हाही शिव्या आम्हीच खाल्ल्या. हे सगळं छापायला पोत्यावर जागा नसते.

मग मी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. डीएपीच्या एका पोत्यात 23 किलो स्फुरद, 9 किलो नत्र. सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली की स्फुरद 24 किलो, वर 20 किलो युरिया टाकला की नत्राचंही भागतं. शिवाय सुपरमधलं गंधक सोयाबीनला लागतंच. तेलबियांना ते द्यायलाच हवं, असं मी दहा वर्षं सांगतोय. पण डीएपी म्हणजेच खत हे लोकांच्या मनात इतकं बसलंय की सुपर म्हटलं की आपल्याला हलका माल देतोय, असंच वाटतं.

आप्पा एक पोतं घेऊन काही न बोलता गेले.

जुलैत सौदीच्या कंपनीशी वर्षाला 31 लाख टन डीएपीचा, पाच वर्षांचा करार झाल्याची बातमी आली. बरं वाटलं. पण चीनच्या दारातून उठून आता सौदीच्या ओट्यावर बसलो, हेही लगेच मनात आलं.

आप्पांचा पोरगा जूनमधल्या त्याच दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन आला होता. 33 पोती सुपर अन् पाच युरिया. बिलामागचा हिशेब त्याच्या खिशात होता. आप्पा मात्र तेव्हापासून दुकानाची पायरी चढलेले नाहीत.