मेंढीच्या नाकातली माशी आणि माझा डावा डोळा

कळमेश्वरच्या पुढे आमचं साडेतीन एकर वावर आहे. मी राहतो नागपुरात, म्हणजे रविवारपुरता शेतकरी. हरभरा निघाला की काठेवाडी मेंढपाळ येतात आणि चार-पाच रात्री मेंढ्या बसवतात. लेंड्यांचं खत वावराला, ज्वारी आणि रोख त्यांना.

यंदा भर दुपारी पोचलो तर मेंढ्या बाभळीखाली दाटीवाटीने उभ्या होत्या. हिचं नाक तिच्या लोकरीत, तिचं पुढचीच्या. मधूनच एखादी पाय आपटायची. "ऊन लागून राहिलं वाटते," मी म्हणालो. म्हातारा हसला. "ऊन नाही शेठ, माखी."

माशीला भिऊन एवढं? मला काही पटलं नाही.

डोणीजवळ एक मेंढी सारखी शिंकत होती. नाकातून घट्ट शेंबूड, त्याला माती चिकटलेली. तिने मान झटकली, फुरफुरली आणि माझ्या बुटाशेजारी काहीतरी पडलं. अळी होती. बोटाच्या पेराएवढी जाड, पिवळट, पाठीवर काळपट आडवे पट्टे. वळवळत मातीत शिरू पाहत होती. रिकाम्या औषधाच्या बाटलीत तिला उचलायला वाकलो आणि डाव्या डोळ्यावर पाण्याचा थेंब उडावा तसं काहीतरी आपटलं. चोळला, विसरलो.

रात्री डोळा लाल. वाळू गेल्यासारखा खुपत होता, पाणी थांबेना. घराजवळच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला न मारला, "डोळे आलेत," म्हणून थेंब दिले. ती रात्र मी बसून काढली. डोळ्यात काहीतरी चालतंय असं बायकोला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला सगळंच चालताना दिसते."

सकाळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवायला लावली, पापणी उलटली आणि एकदम विचारलं, "मेंढ्यांजवळ गेला होता का तुम्ही?" चार अळ्या निघाल्या. जेमतेम एक मिलिमीटरच्या, काचेसारख्या. उजेड पडला की पापणीच्या घडीत पळायच्या, तोंडाच्या आकड्यांनी घट्ट धरून बसायच्या. बधिर करायचे थेंब घालून मॅडमनी एकेक चिमट्याने ओढली.

भाचा सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकतो. मामाचा डोळा हा त्याच्यासाठी अभ्यासक्रमच झाला. माशीचं नाव एस्ट्रस ओव्हिस. मोठी झाल्यावर ती काही खातच नाही, खायला तोंडच धड नसतं. अंडी पोटातच फुटतात आणि ती उडता उडता जिवंत अळ्या मेंढीच्या नाकपुडीवर फवारते. एक मादी 500 पर्यंत. त्या नाकातून वर सरकत कपाळाच्या पोकळीत जातात, तिथे वाढतात आणि शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोष करतात. मेंढी डोकं हलवते, झोकांड्या खाते, म्हणून कधी कधी मेंदूत गाठ झाली असंही लोकांना वाटतं. माणसाच्या डोळ्यात मात्र त्यांची वाढ पहिल्या अवस्थेपुढे जात नाही. हे वाक्य मी त्याला दोनदा म्हणायला लावलं.

पुढच्या रविवारी तो आणि गावचे पशुवैद्य कळपात गेले. आयव्हरमेक्टिन या अळ्या मारायच्या औषधाचं इंजेक्शन, दर किलो वजनाला 200 मायक्रोग्रॅम, कातडीखाली. काट्यावर चढायला मेंढ्या तयार नव्हत्या, त्यात दोन तास गेले. म्हाताऱ्याने माझा डोळा पाहिला, पागोट्याचं टोक भुवईपर्यंत ओढून दाखवलं आणि पुन्हा हसला. मीही त्या दिवशी गॉगल घालून गेलो होतो.

बाटलीतली अळी भाच्याने मातीच्या बरणीत सोडली. दोन दिवसांत ती आक्रसून काळी, कडक झाली. माशी निघायला महिनाभर लागेल म्हणतो. बरणी आमच्या बाल्कनीत आहे, तोंडाला मलमलचं फडकं. बायकोने त्यावर दोन रबरबँड जास्तीचे लावलेत.