तुम्ही विचारलंत म्हणून: पक्ष्यांसाठी कुठलं झाड लावू?

"पक्ष्यांना सगळ्यात उपयोगी असं एकच झाड सांगा." इथे गोव्यात पर्वरीत नवा बंगला बांधलेले विचारतात, फोंड्याच्या शाळेतले गुरुजी विचारतात, सत्तरीत वडिलोपार्जित भाट म्हणजे बागायत सांभाळायला परतलेली मुलं विचारतात. बऱ्याच जणांच्या मोबाईलवर यादी तयारच असते आणि तीत ओक पहिला असतो. मी एक नाव द्यायला नकार देते आणि समोरच्याला वाटतं, रोपवाटिकेतली बाई उगाच आढेवेढे घेते. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

ओकबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ब्रिटनमध्ये बुरशी, दगडफूल, कीटक, पक्षी असं सगळं धरून सुमारे २३०० प्रजातींचा ओकशी संबंध आहे आणि त्यातल्या ३२६ फक्त ओकवरच जगतात. पण या आकड्यात जेवढा वाटा ओकचा, तेवढाच हजारो वर्षं त्याच्या सोबतीनं राहिलेल्या तिथल्या जिवांचा. उद्या तो पणजीत लावला आणि समजा जगलाही, तरी त्याच्यासोबत ते २३०० येणार नाहीत. निलगिरीचंही तसंच. ऑस्ट्रेलियात कोआला तिच्याच पानांवर जगतो. शिवाय तिथल्या ३०० हून अधिक जातींचे पक्षी-प्राणी झाडांच्या ढोल्यांत राहतात आणि त्या ढोल्या बहुतेक निलगिरीच्याच गोतातल्या जुन्या झाडांना असतात. नांदती ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं लागतात. आपल्याकडे निलगिरी सात-आठ वर्षांत लगद्यासाठी तुटते. तिला ढोली पडणार कधी?

दुसरी गोष्ट अळीची, आणि इथे मला खरंच राग येतो. पक्षी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फळ येतं. पण मोठेपणी फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. शिंप्याच्या घरट्यात तर दिवसभर अळ्यांचीच ने-आण. ज्या झाडाचं पान कुणी खात नाही, ते पिल्लांच्या काय कामाचं? लिंबाच्या पानावर नीलवंत फुलपाखराची अळी दिसली की लोक फवारणी करतात आणि महिन्याभरानं मला विचारतात, पक्षी का येत नाहीत. पानं कुरतडलेली दिसू द्या. लिंबू, कढीलिंब, दालचिनी, हिरवा अशोक यांची पानं खायला फुलपाखरांच्या वेगवेगळ्या अळ्या येतात, आणि छोट्या अंगणात ही झाडं सहज बसतात.

तरीही एकच नाव हवं असेल, तर मी वडा-उंबराचं गोत सांगीन. या गोतात बहुतेक प्रत्येक जातीची स्वतःची वेगळी गांधीलमाशी असते, मुंगीहून लहान. ती फळाच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि आतल्या फुलांचं परागीकरण करते. त्या फळात जन्मून बाहेर पडलेली माशी एक-दोन दिवसच जगते, त्यामुळे तिला तेवढ्यात त्याच जातीचं दुसरं योग्य अवस्थेतलं फळ सापडावं लागतं. म्हणून एकाच रानातले सगळे वड एकदम फळत नाहीत, मागेपुढे फळतात. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठेतरी एखादा वड लगडलेला असतो, आणि हरियाल, कुटुर्गा, धनेश, शेकरू, वटवाघळं, कांडेचोर म्हणजे उदमांजरं, सगळे तिथे जमतात. जगभरात बाराशेहून जास्त जातींचे पक्षी-प्राणी या गोताची फळं खातात.

पण वडाला जागा लागते. घर, विहीर आणि सेप्टिक टँक यांपासून निदान पंधरा-वीस मीटर. मनगटाएवढा जाड, दीड-दोन मीटर लांबीचा फाटा मेच्या शेवटी काढायचा. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा, वरच्या कापावर शेण-माती लिंपायची आणि खालचा हातभर भाग जमिनीत गाडायचा. उलटा गाडू नका, तेही होतं. पिशवीतलं रोप लावणार असाल तर पिशवी उभी चिरा आणि तळाशी गोल फिरलेली मुळं दोन-तीन ठिकाणी कापा, नाहीतर ती आयुष्यभर तशीच गोल फिरत राहतात. गोव्यात रोपं मरतात ती बहुतेक खड्ड्यामुळे. जांभ्या कातळात दोन फुटांचा खड्डा खणला की पावसाळ्यात तो बादलीसारखा तुडुंब भरतो आणि मुळं कुजतात. उताराच्या बाजूला खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढा. आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. पहिल्याच मार्चमध्ये हात आखडलात तर जूनमधले कष्ट वाया.

आता अकेशियाचं. "विदेशी आहे ना, मग तोडून टाकू?" हा प्रश्न मला ओकपेक्षा जास्त येतो, आणि डिचोली तालुक्यातल्या एका उतारावर जे घडलं त्यानंतर मी तो हसून सोडून देत नाही.

तिथे ऑस्ट्रेलियन अकेशियाचं जुनं बन होतं. गावच्या समितीनं ते काढून देशी झाडं लावायचं ठरवलं. मी लेखी दिलं होतं: पहिल्या वर्षी एक तृतीयांश झाडं, तीही पट्ट्या-पट्ट्यांनी. मोकळ्या पट्ट्यांत ऐन आणि किंदळ लावा, उरलेल्या सावलीत कोकम, पाटफणस, जांभूळ. फांद्या जाळू नका, उताराला आडव्या रचा. त्यांना निधी एकाच वर्षात खर्चायचा होता. एप्रिलमध्ये सगळं बन आडवं झालं, पाला-फांद्या तिथेच पेटवल्या आणि जूनमध्ये तीन बाय तीन मीटरवर, म्हणजे हेक्टरी अकराशेच्या हिशेबानं, रोपं लागली. फोटो छान आले.

अकेशियाच्या बुंध्याला फूट येते ती फार जोराची नसते. खरा त्रास बियांचा. टणक सालीची बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहते आणि आगीच्या धगीनं ती साल फुटते. पहिल्या पावसानंतर तळहाताएवढ्या जागेत पाच-पाच, सहा-सहा रोपं वर आली. मधल्या जागेत रानमोडीचं तण माजलं. ऑगस्टपर्यंत ऐनाची रोपं शोधावी लागत होती. उघड्या उताराची लाल माती खालच्या ओहोळात आणि तिथून शेतात उतरली.

पण मला सलतं ते वेगळंच. तोडण्यापूर्वी त्या बनाखाली जांभूळ, चारोळी, काजरा यांची गुडघ्या-कमरेएवढी रोपं होती. ती कुणी लावलेली नव्हती. अकेशियावर बसणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून बिया पडल्या होत्या. परकी सावली, परकं झाड, आणि त्याखाली आपलं रान परत यायला लागलं होतं. ती रोपं ट्रॅक्टरखाली आणि आगीत गेली. त्यांची मोजणी कुठल्याच कागदावर नाही.

मग अकेशिया चांगला का? पूर्वी मी विदेशी लागवडीला सरसकट विरोध करायचे. ती पूर्वीची मी आजही ऐकवते की या बनात पान खाणारी अळी शोधावी लागते, वाळलेला पाला लवकर कुजत नाही, आणि नारिंगी धाग्याला लोंबणारी बी पाखरं शेजारच्या रानात नेतात. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यावर, जिथे मातीच नाही, तिथे हवेतलं नत्र बांधणारं हे झाड तग धरतं हेही खरंच. काजूनं तर मला आणखी कोड्यात टाकलं आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं झाड, आज वटवाघळं आणि कांडेचोर त्याच्या बोंडूंवर ताव मारतात. पण काजू वेचायला सोपं जावं म्हणून दरवर्षी खालचं रान साफ होतं, आणि मग तिथे दुसरं काही उगवतच नाही. दोष झाडाचा की कोयत्याचा?

सिंगापूर चेरी मागायला येणाऱ्यांना मी अजून कधी देते, कधी देत नाही. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली, एक-दोन वर्षांत फळते, जवळपास बारमाही, आणि फुलटोचे लगेच येतात. शहरातल्या सोसायटीच्या कुंपणाला देते. रानाला लागून जमीन असेल तर उंबरच घ्या म्हणते, आणि त्यावर वाद होतो.

तर यादी आणू नका. घरापासून कुंपण किती मीटर, विहीर कुठे, पावसात पाणी कुठे साचतं आणि शेजारची गुरं मोकळी सुटतात का, एवढं पाहून मेच्या अखेरीस या. मग रोप निवडू.