मशीनचं सोंग

पुण्यात इंजिनियरिंगला असलेल्या भाच्यानं परवा एक लिंक पाठवली, म्हणाला मामा हे खेळून बघ. उघडलं तर दिसायला एआयच्या चॅटसारखंच, खाली चौकट, विचारा काय विचारायचं ते. फक्त पलीकडं एआय नाहीच. जगात कुठंतरी बसलेला आपल्यासारखाच एखादा रिकामटेकडा असतो आणि तो एआय असल्याचं सोंग घेऊन उत्तर देतो. आणि फुकट विचारता येत नाही बरं का, आधी आपण दुसऱ्यांसाठी एआय व्हायचं, मग आपली पाळी. म्हणजे पैराच की हा, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचे सौदे उरकले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करून झाल्या की दुपारी जरा मोकळीक असते, तेव्हा चहा सांगून बसलो एआय व्हायला. पहिलाच हुकूम आला, उदास गाय काढून दाखव. मोबाईलवर बोटानं काढली तर म्हैस झाली, आणि तीही चांगली खूश दिसायला लागली. दुसऱ्यानं विचारलं आयुष्याचा अर्थ काय. मी लिहायला घेतलं, 'अर्थातच! खूप छान प्रश्न विचारलात, चला टप्प्याटप्प्यानं समजून घेऊया', आणि तेवढ्यात वेळ संपली. घड्याळ पळत असतं ना त्यात. एआयसारखं बोलण्यातच सगळा वेळ गेला, अर्थ राहिला बाजूलाच.

खरं सांगायचं तर ते गोड बोलणंच जमत नाही आपल्याला. आयर्विन पुलाकडं कसं जायचं म्हणून कुणी विचारलं तर आपण म्हणणार सरळ जा की, दिसंलच. 'आपल्या मार्गाबद्दल तीन महत्त्वाचे मुद्दे' असं कोण बोलतंय इथं? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही म्हणतात, त्यात आता हे नम्रतेचं पण धरा.

भाच्याला हे सगळं नवीन वाटतंय, पण आहे जुनंच. १७७० साली व्हिएन्नात केम्पेलेन नावाच्या माणसानं बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क बनवला, खालच्या पेटीत चाकं बिकं दाखवायची आणि आत बसायचा माणूस. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन हरला त्याच्याकडून. आणि समोर माणूस आहे की मशीन हे ओळखायच्या परीक्षेसाठी ज्या ट्युरिंग नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं नाव घेतात त्याचा १९५० सालचा लेख सुरू होतो तोच मुळी एका घरगुती खेळानं, की एक पुरुष, एक बाई आणि वेगळ्या खोलीत बसून, प्रश्न विचारून बाई कोण ते ओळखणारा तिसरा, उत्तरं टाइप करून द्यायची आणि पुरुषानं आपणच बाई आहोत असं भासवायचं. त्या पुरुषाच्या जागी मशीन बसवलं तर काय होईल, हा पुढचा प्रश्न. मला हे वाचून हसायलाच आलं, कारण सोंग घेणाऱ्या पुरुषाचं कौतुक सांगलीकराला काय सांगायचं! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच सीतास्वयंवर केलं तेव्हा सीता पुरुषच होता आणि बघणाऱ्यांना ते ठाऊक होतं. त्यात संवादही लिहिलेले नसायचे, सूत्रधारानं पद म्हणायचं आणि पात्रांनी सुचेल तसं बोलायचं. एआयला काय करायचं ते सांगतात तसला प्रॉम्प्टच की तो, दुसरं काय.

त्याच लेखात ट्युरिंगनं नमुन्याला एक बेरीज दिलीय, ३४९५७ अधिक ७०७६४. समोरचा तीस सेकंद थांबतो आणि सांगतो १०५६२१. आमचं आयुष्य बेरजेत गेलेलं, सवयीनं कागदावर मांडून बघितली तर येतात १०५७२१. शंभराचा फरक! माणसाचं सोंग घ्यायचं तर थांबायला पाहिजे आणि चुकायला पाहिजे, मला तर ते मुद्दामच केलेलं वाटतं. आमच्याकडं शंभराचा फरक निघाला तर मालक काही 'वा, अगदी माणूस शोभतोस' म्हणत नाहीत ती गोष्ट वेगळी.

तर रात्री जेवणं झाल्यावर परत बसलो. आई शेजारी लसूण सोलत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "कुणाला द्यायलास एवढी उत्तरं?"

"माहीत नाही."

"मग कशाला द्यायलास?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात प्रश्न आला, पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडलाय, कसा काढू? वाचून दाखवला तर आई लसूण टाकून सरसावूनच बसली. "हळद होय! सांग त्याला, आधी साबण लाव म्हणावं, लाल होईल, घाबरू नको, धुऊन घे आणि तसंच ओलं कडक उन्हात टाक, संध्याकाळपर्यंत डाग गेलाच समज." ती सांगतेय आणि मी आपला इंग्रजी करतोय, स्पेलिंग बघतोय, त्यात वर ते 'अर्थातच, छान प्रश्न' पण लावलेलं, एआय आहे ना मी. घड्याळ शून्यावर आलं आणि होतं तेवढं गेलं.

अर्थातच! छान प्रश्न. साबण लावा. लाल होईल.

"ऊन सांगितलंस का?" आईनं विचारलं.

"वेळ संपली गं."

"अरे मग तो बिचारा लाल शर्ट घेऊन बसंल की! फोन लाव त्याला."