कुंभार्ली घाट, तापलेली गाडी आणि एसीचा रिले

मे महिन्यात गुहागरहून पुण्याला परतत होतो. चिपळूणला जेवलो आणि पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलो. चार-पाच वळणं झाली नाहीत तोच तापमानाचा काटा वर सरकायला लागला. पुढे मालाचा ट्रक, आम्ही दुसऱ्या गिअरवर, एसीतून गरम वारा. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल सोडला. मागे बसलेल्या सासऱ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत सोडतो. काटा लाल रेषेच्या अलीकडे थांबला आणि कडेला रुंद जागा मिळेपर्यंत गाडी पोचली.

बॉनेट उघडलं. इंजिन एवढं तापलेलं, तरी रेडिएटरचा पंखा ढिम्म. सपाट रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, म्हणून हा दोष चिपळूणपर्यंत लक्षातच आला नव्हता. सासरे पाण्याची बाटली घेऊन उतरले, त्यांना आधी अडवलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. अर्धा तास तरी हात लावू नका.

फ्यूज बॉक्स बॅटरीजवळ, आणि कुठला रिले (विजेवर चालणारा, डबीएवढा स्विच) कशाचा याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला. पंख्याचा फ्यूज शाबूत होता. रिलेवर बोट ठेवून बायकोला चावी फिरवायला सांगितली, तर बोटाला स्पष्ट 'टक्' लागलं. इथे मी फसलो. रिले चांगला म्हणजे पंख्याची मोटर गेली, असं धरून बसलो. पण टक् होतं ते फक्त रिलेच्या आतली कॉइल (तारेचं वेटोळं, चुंबकासारखं) पट्टी ओढते म्हणून. पंख्याचा करंट ज्या पॉइंटमधून, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून जातो, ते जळलेले असू शकतात.

चावी बंद करून रिले सरळ वर उपसला. (पंख्यात हात घालू नका, काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक फिरतो.) हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, त्याची अदलाबदल केली. चावी फिरवताच पंखा घोंगावला आणि हॉर्न मुका झाला. दोष सापडला!

निघणार, तेवढ्यात शेजारी इंजिन गार करत थांबलेला ट्रकवाला म्हणाला, "हॉर्नचा नका काढू साहेब, म्होरं आंधळी वळणं हायती." खरं होतं. हॉर्नचा जागच्या जागी लावला आणि एसीचा काढून पंख्याला दिला. तोही जुळणारा होता. तुम्ही करताना वरचा नंबर आणि पायांची संख्या दोन्ही बघा. चार पायांच्या जागी पाच पायांचा कोंबू नका. हेडलाइटचाही घेऊ नका, घाटात धुकं कधी उतरेल याचा नेम नाही.

कराडपर्यंत घामाघूम पण निर्धास्त आलो. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात नवा रिले दोनशेच्या आत मिळाला. मी दोन घेतले, एक टॉर्चसोबत डिकीत असतो. दुकानदाराने आधी सॉकेट, म्हणजे रिले बसतो ती खाच, तपासलं. ते काळं पडलेलं किंवा सैल असेल तर नवा रिलेही जळतो, म्हणाला. मग जुन्याची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटून सासऱ्यांच्या हातावर ठेवली. पॉइंट कोळशासारखे काळे, एकाला चक्क खड्डा.

"एवढ्याशा डबीपायी मला हीटरमध्ये बसवलंत?" सासरे म्हणाले.