निबेच्या मापाची रेष

सोमवार, रात्री

आज दिवसभर टाक हातात घेतला नाही. टॅबलेटवर डिजिटल पेनानं नुसत्या रेषा मारत बसले. आडव्या, उभ्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. नवी निब घेतली की मी हेच करते. तिचा स्वभाव कळल्याशिवाय तिला चित्राच्या कागदावर न्यायचं नाही, हा माझा जुना नेम. टॅबलेटच्या काचेलाही तोच लावला.

सगळ्यात आधी जाणवलं ते आवाज नसणं. निब कागदावरून चालते तेव्हा बारीक कुरकुर होत असते. दाब वाढला की ती जाडसर होते, शाई सरत आली की कोरडी पडते. त्यावरून मला न बघता कळतं की आता टाक दौतीत बुडवायला हवा. माझा हात किती कानावर चालतो ते काचेवर प्लॅस्टिकचं टोक निमूट सरकायला लागलं तेव्हा समजलं. मग वर खरखरीत फिल्म चिकटवली. आवाज थोडा आला. मुख्य म्हणजे टोकाला अडसर आला आणि रेष निसटायची थांबली.

दाबाचं प्रकरण जास्त खोल आहे. निबेला मधोमध चीर असते. दाब दिला की दोन पाती फाकतात, चिरेतून शाई जास्त उतरते, रेष जाड होते. दाब काढला की पाती मिटतात. ही जाडी पोलादाच्या लवचीकपणातून येते आणि तो रेटा बोटांना परत जाणवतो. डिजिटल पेनात फाकणारं काहीच नाही. टोक जेमतेम दबतं आणि दाब मोजला जातो. माझ्या पेनात त्याच्या ८१९२ पातळ्या आहेत. मोजमाप एवढं सूक्ष्म, पण बोटांना उलट उत्तर कोणी देत नाही. सेटिंगमध्ये दाबाचा एक आलेख असतो, तो ओढून बघितला. सुरुवातीचा भाग जवळजवळ आडवा ठेवला आणि शेवटी एकदम चढवला, म्हणजे हलक्या हाताला रेष बारीकच राहते आणि मनगटाचा जोर लागल्यावरच फुगते. ताठ निबेचा स्वभाव असाच असतो. संध्याकाळपर्यंत त्या रेषा माझ्या वाटायला लागल्या.

मंगळवार

स्टॅबिलायझर शून्यावर आणला. ही सोय हाताच्या हालचालींची सरासरी काढते, म्हणून रेष जरा मागून येते आणि गुळगुळीत येते. पडद्यावर पेनानं चित्र काढण्याच्या अगदी सुरुवातीपासून रेष सुधारून घ्यायची ही ओढ दिसते. संगणकतज्ज्ञ इव्हान सदरलंडच्या १९६३ च्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशपेनानं (पडद्यावर टेकवायच्या पेनानं) काढलेल्या रेषा यंत्राकडून समांतर किंवा काटकोनात बसवून घेता येत. अभियंत्याला ते हवंच. मला नको. म्हाताऱ्या माणसाच्या गालावरची सुरकुती, वाळलेल्या पानाची कड, दोरीचा पीळ हे सगळं रेषेच्या थरथरण्यातच असतं. सरासरी काढलेली रेष कोणाचीही असू शकते.

अनडूबद्दल, म्हणजे काढलेली रेष एका बटणावर मागे घेण्याबद्दल, सगळेच फार बोलतात. मला त्याचं एवढं वाटलं नाही. शाईतही दुरुस्ती असतेच. ब्लेडनं हलकं खरवडायचं, नाहीतर पांढऱ्या गौशनं, म्हणजे अपारदर्शक जलरंगानं, झाकायचं. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात आणि पुन्हा शाई घातली तर ती फुटते, त्यामुळे तिथे परत जाताना हात जपून चालतो. एवढाच काय तो फरक.

गुरुवार, पहाटे

झोप लागेना म्हणून लिहायला बसले. कालपासून एका खोडाच्या सालीवर काम चाललंय आणि आता मला कळलंय की या माध्यमात खरी परीक्षा झूमची आहे.

दोन बोटं फाकवली की सालीची एक भेग अख्ख्या पडद्याएवढी होते. तिच्यात भरायला जागाच जागा. मी भरत गेले: भेगेच्या आत भेग, तिच्या कडेला जाळी, जाळीत आणखी बारीक जाळी. जवळून बघताना सुरेख दिसत होतं. पूर्ण चित्र समोर आणलं तर रेषा एकमेकींत विरघळून सपाट करडा रंग झालेला. खोड राखाडी आणि मऊ दिसायला लागलं. जाळीकाम, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी छटा भरणं, करताना दोन रेषांमधल्या पांढऱ्यालाही रेषेइतकंच वजन लागतं. तो पांढरा डोळ्याला दिसण्याइतका उरला तरच उजेड उरतो.

कागदावर ही वेळ येतच नाही, कारण तिथे निब माप ठरवते. माझी सगळ्यात बारीक निब साधारण ०.२ मिमीची रेष देते. त्याहून लहान खूण चित्रात असूच शकत नाही. झाडाला किती पानं दाखवायची, विटा कुठे मोजून काढायच्या आणि कुठे चार आडव्या फटकाऱ्यांवर भागवायचं, हे सगळं त्या ०.२ मिमीपासून सुरू होतं. इतकी वर्षं मी याला माझी निवड समजत होते. त्यातली अर्धी निवड निबेची होती.

व्हॅन गॉगची १८८८ मधली, फ्रान्समधल्या आर्लमधली चित्रं आठवली. त्यातली कितीतरी बोरूनं काढलेली आहेत. बोरूची रेष रुंद, लवकर कोरडी पडणारी. तिनं गवताचं पातं न् पातं काढणं शक्यच नाही. म्हणून त्यानं प्रत्येक जमिनीला वेगळी खूण दिली. कुठे ठिपके, कुठे आखूड उभे फटकारे, कुठे वळलेल्या छोट्या रेघा. शेत कुठे संपतं आणि बांध कुठे सुरू होतो हे नुसत्या खुणेच्या बदलावरून कळतं. ही भाषा त्या जाड टोकामुळे घडली, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग हिशेब मांडला. ए-४ कागद ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० पिक्सेल, घेतला तर ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख पिक्सेल होतात. त्यात ०.२ मिमी म्हणजे पाचेक पिक्सेल. ठरवलं की पाच पिक्सेलहून बारीक ब्रश वापरायचा नाही, आणि कागद पडद्यावर खऱ्या मापाएवढा दिसेल त्यापलीकडे झूम करायचा नाही. खोड पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं. भेगा निम्म्याहून कमी झाल्या. सालीचा खडबडीतपणा आला. डाव्या बाजूला उजेड पडतो तिथे मी जवळजवळ काहीच काढलेलं नाही, आणि खोडाची गोलाई नेमकी तिथेच दिसते.

शनिवार

आज खूप आनंद झालाय.

शाईत पांढरा म्हणजे न काढलेला कागद. पाण्यावरची तिरीप, केसातली चमक, पावसाची धार आधीच मनात राखून ठेवायची आणि तिच्या अवतीभवतीनं काळं भरत जायचं. सकाळी सहज टॅबलेटवर एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, पूर्ण काळा केला आणि दाबानं जाडबारीक होणारं खोडरबर घेऊन त्यावर गवताचं पातं ओढलं. मुळाशी रुंद, शेंड्याला केसाएवढं, आणि पांढरं! काळ्यातून पांढरी रेष एका फटकाऱ्यात काढणं टाकाला जमत नाही. त्याला पात्याच्या दोन्ही कडा सांभाळाव्या लागतात.

दुपारपर्यंत अंधारातलं गवत काढत होते. मध्ये एक युक्तीही सापडली. काळी रेष मुद्दाम जाड काढायची आणि दोन्ही बाजूंनी खोडरबरनं तासत आणायची. अशी रेष कोरल्यासारखी धारदार दिसते, लाकडी ठशातल्या रेषेची आठवण होते. इथे पाच पिक्सेलचा नियम खोडरबरलाही लावला, कारण पांढऱ्यालाही माप हवंच.

आता हेच खऱ्या काळ्यावर करून बघायचंय. स्क्रॅपरबोर्डवर पांढऱ्या मातीच्या थरावर काळी शाई चढवलेली असते, टोकदार पात्यानं खरवडलं की खालचा पांढरा उघडा पडतो. मी त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. टाक पुरत होता. उद्या एक बोर्ड आणणार आहे. गवताचं हेच चित्र त्याच मापात त्यावर काढायचं, आणि पात्याच्या टोकाला किती बारीक पांढरी रेष झेपते ते आधी कोपऱ्यात मोजून घ्यायचं.