सिएना: फ्लॉरेन्सहून धावती डे ट्रिप करू नका, एक रात्र रहा आणि लोकल गाईड घ्या

इटलीचं प्लॅनिंग करताना आपल्याकडे रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस एवढं ठरलेलं असतं, आणि सिएना आलंच तर फ्लॉरेन्सच्या बसटूरमधला दोनेक तासांचा थांबा म्हणून येतं. उतरा, चौकात फोटो काढा, जिलाटो खा, चला बसमध्ये. तसं करणार असाल तर सरळ वगळा हो. पण इटलीत गाईडवर एकाच ठिकाणी पैसे घालायचे असतील तर मी सांगेन की ते सिएनात घाला. फ्लॉरेन्सला म्यूझियममध्ये ऑडिओगाईडवर भागतं, इथे अर्धा इतिहास गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत बसवलेल्या छोट्या पाट्यांवर आहे आणि त्या कोणी बोट दाखवल्याशिवाय दिसतच नाहीत.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझी आई, सप्टेंबरमध्ये गेलो होतो. सप्टेंबर का, ते पुढे सांगते.

आधी पोचायचं कसं ते. फ्लॉरेन्सहून ट्रेनही आहे, दीडेक तास लागतो, कधीकधी एम्पोलीला बदलावी लागते. पण सिएनाचं स्टेशन खाली आहे आणि गाव वर टेकडीवर. स्टेशनसमोरच्या मॉलमधून एकामागोमाग एक सरकते जिने चढत वर जाता येतं, तरी पुढे चालणं आहेच. त्यापेक्षा १३१आर नंबरची रॅपिड बस घ्या, ती फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला स्टेशनच्या बाजूच्या बसस्टँडवरून सुटते आणि सिएनात एकदम वर, गावाच्या तोंडाशी सोडते. बरोबर म्हातारी माणसं किंवा मोठ्या बॅगा असतील तर बसच. गाडी भाड्याने घेतली असेल तर जुन्या गावात नेऊ नका, झेडटीएलचे, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे, कॅमेरे आहेत आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, सांता कातेरिना पार्किंगला लावा, तिथूनही वर यायला सरकते जिने आहेत.

गाईड आम्ही आधीच मेलवर बुक केली होती, लायसन्सवाली, गळ्यात ओळखपत्र असलेली. इटलीत गाईडला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, त्यामुळे ओळखपत्र बघून घेण्यात काही गैर नाही. बुक करताना तीन गोष्टी विचारा: फीमध्ये तिकिटं धरलीत का (बहुतेक वेळा नसतात), कथीड्रलच्या आत ती स्वतः येणार का, आणि तुम्ही कुठल्या कोन्त्रादाच्या? हा तिसरा प्रश्न मी सहज विचारला होता आणि त्यावर तिचं जे उत्तर आलं ते बाकी सगळ्या मेलपेक्षा लांब होतं.

तर कोन्त्रादा म्हणजे काय. सिएनात १७ मोहल्ले आहेत, हंस, गोगलगाय, कासव, सुरवंट, साळिंदर, लांडगी, गरुड, जिराफ असली एकेकाची चिन्हं. प्रत्येकाचं स्वतःचं चर्च, स्वतःचं म्यूझियम, स्वतःचं कारंजं, स्वतःचे रंग, आणि बऱ्याच जणांचा एक ठरलेला शत्रू. पुण्यातल्या पेठा आणि त्यांची गणपती मंडळं डोळ्यासमोर आणा, फक्त इथे सीमा १७२९ साली सरकारी हुकुमाने आखून दिल्यात आणि आजही त्याच चालतात. आमची गाईड तोर्रे, म्हणजे बुरूजवाल्यांची, आणि त्यांचं चिन्ह काय तर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती! आई एकदम खूश, एवढ्या लांब येऊन हत्ती भेटला म्हणून. गाईडच्या गळ्यात गडद तांबड्या रंगाचा स्कार्फ होता, त्यावर पांढऱ्या-निळ्या पट्ट्या आणि कोपऱ्यात हा हत्ती. तिने तो आईच्या हातात दिला, आईने कापड चोळून बघितलं आणि मला मराठीत म्हणाली, "रेशीम आहे गं, चांगलं जड आहे." गाईडला न सांगता समजलं.

हे सगळं वैर बाहेर येतं ते पालिओत. २ जुलै आणि १६ ऑगस्टला मुख्य चौकात घोड्यांची शर्यत होते, खोगीर नाही, तीन फेऱ्या, साधारण दीड मिनिटात खेळ खल्लास. १७ पैकी १० जणच पळतात. घोडे चिठ्ठी टाकून वाटतात, त्यामुळे कुठला घोडा आपल्याकडे येईल ते नशीब. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी तो जिंकला. शर्यतीआधी घोड्याला कोन्त्रादाच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, पाद्री घोड्याला सांगतो जा आणि जिंकून ये, आणि त्याने तिथेच लीद टाकली तर शुभ मानतात. जी कोन्त्रादा सगळ्यात जास्त वर्षं जिंकली नाही तिला बाकीचे 'आजी' म्हणून चिडवतात. तोर्रे १९६१ नंतर थेट २००५ मध्ये जिंकली, ४४ वर्षांनी. ती संध्याकाळ सांगताना ही बाई सालिकोत्तो गल्लीच्या मध्यभागी उभी राहून अक्षरशः डोळे पुसत होती, आणि आम्ही तिघं बावळटासारखे बघत होतो. बक्षीस काय मिळतं? रंगवलेला रेशमी झेंडा. पैसे नाहीत, उलट सगळा खर्चच.

पालिओलाच जायचं असेल तर माझं मत: लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर नको. चौकाच्या मध्ये उभं राहून फुकट बघता येतं पण त्यासाठी भर उन्हात काही तास आधी आत जाऊन बसायचं, मग बाहेर पडता येत नाही, टॉयलेटचे हाल. कडेच्या बाकांची तिकिटं प्रचंड महाग. त्याऐवजी आधीच्या तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ सराव शर्यती असतात, त्या बघा, गर्दी कमी आणि मजा तीच. आणि आदल्या रात्री प्रत्येक कोन्त्रादा रस्त्यावर टेबलं मांडून जेवण करते, त्याची तिकिटं बाहेरच्यांनाही मिळतात, हे गाईडकडूनच कळलं.

आता चौक. पिआझ्झा देल काम्पो फोटोत सपाट वाटतो, तसा अजिबात नाही, शिंपल्यासारखा एका बाजूला उतरता आहे. विटांची फरसबंदी, पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी नऊ भाग केलेत. का नऊ, तर १२८७ ते १३५५ इथे नऊ जणांचं सरकार होतं. सगळ्या पट्ट्या खाली जिथे एकत्र येतात तिथे गाईडने आम्हाला नेलं आणि खाली बघा म्हणाली, तर तिथे शिंपल्याच्या आकाराचं दगडी झाकण, पावसाचं सगळं पाणी तिथून जातं. एवढा जगप्रसिद्ध चौक आणि त्याचं इंजिनिअरिंग म्हणजे गटाराचं तोंड! नवरा सिव्हिलवाला, तो तिथेच गुडघ्यावर बसून फोटो काढत राहिला, बाकी पब्लिक टॉवरचे फोटो काढतंय आणि हा गटाराचे. मग तिने वरच्या खिडक्या दाखवल्या, १२९७ च्या नियमाप्रमाणे चौकाकडे तोंड असलेल्या घरांना नगरपालिकेच्या इमारतीसारख्याच बारीक खांबवाल्या खिडक्या ठेवाव्या लागत. म्हणून तो चौक एकाच हाताने बांधल्यासारखा दिसतो.

टॉवरला, तोर्रे देल मांजा त्याचं नाव, सुमारे ४०० पायऱ्या आहेत, जिना अरुंद, एका वेळी थोडीच माणसं सोडतात, पाऊस असला तर बंद, बॅग खाली लॉकरमध्ये. सकाळी उघडताक्षणी जा. आई खाली कॉफी पीत बसली. (चौकातल्या कॅफेत बसून कॉफी घेतली की बिल दुपटीच्या वर जातं, मागच्या गल्लीत काउंटरवर उभ्याने प्या. पण आईसाठी आम्ही ते पैसे खुशीने दिले, तिथे बसण्याचंच भाडं आहे ते.)

खालच्या इमारतीत, पालाझ्झो पुब्लिकोमध्ये, आंब्रोजो लोरेन्झेत्तीची चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं आहेत, १३३८-३९ ची. यासाठी गाईड हवीच. चांगल्या बाजूला गावात नाच चाललाय, छपरावर गवंडी काम करतायत, वेशीबाहेर एक शेतकरी डुक्कर हाकत गावाकडे येतोय, काळं डुक्कर, अंगावर पांढरा पट्टा, आणि ती जात आजही इथे पाळतात, मेन्यूकार्डावर चिंता सेनेसे असं दिसलं की तेच ते. वाईट बाजूला शिंगं असलेला हुकूमशहा आणि ओसाड शेतं. ही बाजू जास्त खराब झालीय. आणि हे सगळं देवळात नाही हं, ते नऊ जण जिथे बसून निर्णय घ्यायचे त्या खोलीच्या भिंतींवर! म्हणजे मान वर केली की समोर दिसणार, नीट नाही वागलात तर गावाचं काय होतं ते. आपल्याकडे महापालिकेच्या सभागृहात असं काही रंगवायला पाहिजे असं नवरा म्हणाला. मग दहाच वर्षांत, १३४८ मध्ये प्लेग आला, निम्म्याच्या आसपास गाव गेलं असं मानतात, बहुधा लोरेन्झेत्तीही त्यातच गेला.

प्लेगची खरी खूण कथीड्रलपाशी दिसते. फ्लॉरेन्सला मागे टाकायचं म्हणून यांनी १३३९ मध्ये ठरवलं की आहे ते अवाढव्य चर्च नुसतं आडवा भाग म्हणून ठेवायचं आणि त्याला जोडून त्याहून मोठं बांधायचं. प्लेग आला, पैसे संपले, माणसं संपली, बांधलेल्या भागाला तडे गेले आणि काम कायमचं थांबलं. आज तिथे मोकळ्या आभाळाखाली एक भलीमोठी भिंत उभी आहे, मध्ये गाड्या पार्क केलेल्या. त्या भिंतीवर चढता येतं, फाच्चातोने म्हणतात, व्ह्यू माझ्या मते टॉवरपेक्षा भारी कारण टॉवरही त्यात दिसतो. चर्च, म्यूझियम, ही भिंत, सगळ्याचा कम्बाइन्ड पास मिळतो, तोच घ्या, सुटी तिकिटं महागात पडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेस बेस्ट.

सप्टेंबरचं कारण आता. कथीड्रलची जमीन म्हणजे संगमरवर कोरून, जोडून केलेली ५६ चित्रं, काही शतकं काम चाललं होतं, आणि ती वर्षातला बहुतेक काळ झाकून ठेवतात. उन्हाळ्यात काही आठवडे आणि मग ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण उघडी असते, नेमक्या तारखा दरवर्षी बघून घ्या आणि त्याप्रमाणेच विमानाचं तिकीट काढा, मी गंमत करत नाहीये. एका गोल चित्रात मध्ये सिएनाची लांडगी आणि भोवती इतर गावांचे प्राणी आहेत, त्यात रोमसाठी हत्ती, पाठीवर बुरूज. गाईडने छाती फुगवून दाखवला. बाजूलाच पिक्कोलोमिनी लायब्ररी आहे, पिंतुरिक्योची चित्रं, रंग इतके ताजे की काल रंगवल्यासारखे. लोक घाईत चुकवतात.

दुपारी तिने फोंतेब्रांदाला नेलं, जुनं पाण्याचं ठिकाण, विटांच्या तीन मोठ्या कमानी. आधी पिण्याचं पाणी, त्यातून ओसंडलेलं जनावरांना, त्यातून ओसंडलेलं कपडे धुवायला. हे पाणी बोत्तिनी नावाच्या जमिनीखालच्या बोगद्यांतून येतं, असे २५ किलोमीटर बोगदे आहेत गावाखाली. आणि हा भाग ओका म्हणजे हंसवाल्यांचा, तोर्रेचे कट्टर वैरी. शेवटच्या वळणावर बाईंनी चालता चालता स्कार्फ काढून घडी करून पर्समध्ये टाकला. मी विचारलं, भीती वाटते का? तर म्हणाली, छे, माझी बहीण हंसवाल्यांकडे दिलीय, पण उगाच कशाला. परत वर आल्यावर पुन्हा गळ्यात.

वाटेत सान दोमेनिको चर्च लागतं, तिथे संत कातेरिनाचं शिर जपून ठेवलंय, खरोखरचं, १३८० मध्ये ती रोमला वारली आणि बाकीचं बहुतेक शरीर तिकडेच आहे. फोटोला बंदी. लहान मुलांना आधी सांगून न्या.

जेवणाचं: व्हेज असाल तर पीची आल्लाल्योने मागा, हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण, आईने दोन्ही वेळा तेच खाल्लं. रिबोल्लिता, म्हणजे भाज्या आणि पाव घातलेलं दाट सूप, पण बरं, पण मांस घातलंय का विचारा. रागू किंवा चिंगियाले दिसलं की त्यात मांस आहे, दुसरं तर रानडुक्कर. बिलात कोपेर्तो लावतात माणशी, ती फसवणूक नाही, टेबलाचे पैसे आहेत. पाण्याची बाटली घेऊ नका, रस्त्यातल्या नळांना चांगलं पिण्याचं पाणी असतं.

आणि राहायचंच. संध्याकाळी बसटूर परत गेल्या की गल्ल्यांमधून शाळकरी पोरं ड्रम वाजवत, झेंडे फेकायची प्रॅक्टिस करताना दिसतात, हे दिवसाच्या गर्दीत आम्हाला कुठेच दिसलं नव्हतं. सपाट रस्ता मात्र गावात नाहीच, तीन टेकड्यांवर वसलंय, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी काठी न्या आणि गाईडला आधीच सांगा, आमच्या गाईडने आईसाठी दर पंधरा-वीस मिनिटांनी बसायची जागा शोधून ठेवली होती.

खरेदीत पानफोर्ते घ्या, बदाम, मध, साखरेतली फळं, दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली घट्ट वडी, महिनाभर आरामात टिकते. अंडं चालत नसेल तर रिच्चारेल्ली नावाची बिस्किटं घेऊ नका, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि चालत असेल तर ती बिस्किटं हँडबॅगमध्येच ठेवा, चेक-इनमध्ये टाकलीत तर मुंबईला भुगा उतरेल.