आमची वाटचाल : चाळणीपासून कचरा डेपोपर्यंत

निविदेसोबत फर्मची माहिती जोडावी लागते. तीन वर्षांची उलाढाल, मशिनरीची यादी, कामं पूर्ण केल्याचे दाखले. दोन पानांत सगळं बसतं. जे त्या दोन पानांत बसत नाही ते इथे लिहितोय, कारण अलीकडे नवीन पोरं फोन करून विचारतात, "काका, बायोमायनिंगमध्ये काही सुटतं का?" बायोमायनिंग म्हणजे साठलेला जुना कचरा उपसून, चाळून जागा मोकळी करायची, आणि हे फोनवर सांगून संपणारं नाही.

आमचा मूळ धंदा चाळण्यांचा. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवाल्यांना वाळूच्या चाळण्या, व्हायब्रेटर, छोटे कन्व्हेअर करून द्यायचो. भागीदार अण्णा. माझ्यापेक्षा वयाने मोठे, आयटीआय फिटर, हातात वेल्डिंगचा होल्डर असला की जेवणाची शुद्ध नाही. कागद, बँक, जीएसटी माझ्याकडे, लोखंड अण्णांकडे. ती वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कचऱ्यात आम्ही शिरलो ते ऑर्डरच्या मागे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जुने ढीग उपसायला लागा म्हणून राज्यांना फैलावर घेतलं. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याआधी डेपो बंद करायचा म्हणजे ढिगाला उतार द्यायचा, वर मातीचा आणि प्लास्टिकचा थर टाकायचा आणि विसरायचं, अशी पद्धत होती. पण 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे भरावभूमी बंद केल्यावर 15 वर्षं देखरेख, आणि वायू आणि लीचेटचे (ढिगातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचे) अहवाल ठीक आले तरच तिथे वस्तीचा विचार. म्हणजे जमीन गेलीच. उपसून, चाळून, वेगळं करून नेलं तर जमीन परत मिळते. ठेकेदारांना ट्रॉमेल (फिरत्या ड्रमच्या मोठ्या चाळण्या) हवे झाले आणि ते आमच्याकडे यायला लागले. दोन-तीन मशिनं विकल्यावर अण्णा म्हणाले, "आपण करून द्यायचं आणि त्यांनी ग्रीस न घालता मोडायचं. त्यापेक्षा आपणच चालवू."

1 ऑक्टोबर 2021 ला स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 आलं आणि खरा पैसा सुटला. जुन्या कचऱ्यासाठी टनाला 550 रुपये हा हिशेब धरला गेला. लाखाच्या आतल्या गावाला त्यात केंद्राचा वाटा निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहराला 33 टक्के, दहा लाखांच्या वर 25 टक्के. बाकी राज्याने आणि पालिकेने घालायचे. कागदावर छान आहे. पण हा पैसा टनाला मिळतो, जमिनीला नाही. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

आता मशीनबद्दल. फौंड्रीची वाळू कोरडी आणि शहाणी असते. डेपोतला माल तसा नाही. आमच्या भागातल्या डेपोंमध्ये 2019 च्या आणि 2021 च्या महापुराचा थर आहे: गाद्या, उशा, साड्या, सतरंज्या, दुकानांतलं कुजलेलं कापड. हा थर ट्रॉमेलमध्ये गेला की कापड दोरखंडासारखं पिळून शाफ्टला बसतं. बाहेरून आणलेली तयार मशिनं या थरात दिवसभर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. अण्णांनी ड्रमच्या तोंडाशी आतून तिरके खिळे बसवले, त्यांना कापड अडकतं आणि पुढे जात नाही. पाळी संपली की पोरं ऊसतोडीच्या कोयत्याने ते कापून काढतात. दुसरी डोकेदुखी जाळी बुजण्याची. 80 मिलिमीटरची जाळी कधी बुजत नाही, 35 ची पावसाळ्यात त्रास देते आणि 6 ची तर जून लागला की पत्र्यासारखी होते. त्यावर अण्णांचा उपाय म्हणजे जुन्या कन्व्हेअर बेल्टचे पट्टे. ते ड्रमला बाहेरून घासतील असे लावले. खर्च जवळजवळ शून्य. मी पेटंट घेऊ म्हणालो, अण्णा हसले. आता ते पट्टे प्रत्येक ठेकेदाराच्या मशीनवर दिसतात.

तरी मूळ गोष्ट वाळवण्याची. माल उकरून विंड्रो (लांब ओळीतले ढीग) घालायचे, बायोकल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) मारायचं, आठवड्याला पलटायचं. घाई केलेला ओला माल चाळला की जाळी बुजते, बारीक मातीत प्लास्टिक जातं आणि आरडीएफला (प्लास्टिक-कापड वेगळं करून केलेलं, सिमेंटच्या भट्टीत जाणारं जळण) माती चिकटते. मग सिमेंटवाला गाडी परत पाठवतो. पलटी मारायचं डिझेल वाचवणारा माणूस दुप्पट डिझेल गेटवर घालवतो.

आमचं पहिलं मोठं काम एका छोट्या नगरपरिषदेचं. तिथले स्वच्छता निरीक्षक नसते तर ही फर्म आज नसती. मी त्यांना साहेब म्हणायचो, ते मला कायम "शेठ" म्हणायचे, आणि त्यात थोडी चेष्टा असायची. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच गावात काढलेली. डेपोचा ढीग त्यांच्या देखत वाढलेला. कार्यादेश मिळायच्या आधी त्यांनी मला ढिगावरून फिरवलं. इथे कत्तलखान्याचा माल, इथे गटाराचा गाळ, इथे पुराच्या गाद्या, इथे पाडलेल्या जुन्या मंडईचं डबर. सल्लागाराच्या डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) यातलं काही नव्हतं. त्यात ड्रोनचा रंगीत नकाशा होता आणि सगळ्या ढिगाला एकच घनता लावलेली होती.

वजनकाट्यावर ते स्वतः बसायचे. गाडी रिकामी किती, भरून किती, चालक कोण. नोंदवही त्यांच्याच अक्षरात. एकदा आमच्या चालकाने ताडपत्रीवर साठलेल्या पावसाच्या पाण्यासकट गाडी काट्यावर घातली. साहेबांनी ती परत पाठवली, ताडपत्री झटकून घेतली आणि मग तोलली. मला राग आला होता. पण महिन्याच्या शेवटी एम.बी. (मोजमाप पुस्तक) लिहिताना अभियंत्याने एक शब्द विचारला नाही, लेखापालाने विचारला नाही, बिल निघालं. नंतर मुख्याधिकारी बदलले, दोनदा प्रशासक आले, तरी आमचं बिल त्या गावात अडकलं नाही.

चाळणीखाली निघणारी माती न्यायला शेतकरी ट्रॉली घेऊन दारात उभे राहायचे. फुकट मिळते ना! साहेबांनी जड धातूंचा अहवाल आल्याशिवाय एक पाटीसुद्धा जाऊ दिली नाही. अहवाल आला तेव्हा ती खाण्याच्या पिकाला नको, भरावाला आणि झाडांच्या खड्ड्यांना चालेल असं ठरलं. या मातीत काचेचे बारीक तुकडे असतात, ते कुठलीही जाळी पूर्ण काढत नाही. भाताच्या वाफ्यात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला ती देणारे ठेकेदार आहेत. कोण ते विचारू नका.

आता जिथे आमचं काम अडकलं त्या शहराबद्दल. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. महापालिका, मोठा ढीग, आणि आमच्या कुवतीच्या मानाने मोठी बँक गॅरंटी. अण्णांचा विरोध होता, पण कामाचा आकार बघून तेही शेवटी हो म्हणाले. निविदेत पैसे टनावर होते, काट्यावरच्या. निम्मं काम झालं तेव्हा त्रयस्थ तपासणीवाले आले. त्यांनी पुन्हा ड्रोन उडवला, ढीग किती घनमीटर कमी झाला ते काढलं, त्याला डीपीआरमधल्या घनतेने गुणलं आणि सांगितलं की तुमच्या काट्याचे टन जास्त दिसतात. अहो, जास्त दिसणारच. वरचा ढीग फुसका, प्लास्टिकचा. खालचे जुने थर माती होऊन दाबून बसलेले, त्यात डबर. घनमीटर तेवढाच, वजन कितीतरी जास्त. वरची घनता खाली लावली की ठेकेदार चोर ठरतो. आम्ही खड्डे काढून दाखवले, डबा भरून वजन करून दाखवलं. फाईल टेबलावरून टेबलावर गेली. पुढची दोन बिलं थांबली आणि मग आधी दिलेल्या बिलांतूनही वसुली का करू नये, अशी नोटीस आली.

पोकलेनवाला भाडं मागतो, डिझेल पंपवाल्याची उधारी संपलेली, बँकेतली बाई-अधिकारी रोज फोन करते. लिमिट संपलं होतं. आमची अर्धी माणसं आसपासच्या वस्तीतले जुने कचरावेचक होते, त्यांची मजुरी थांबवणं अण्णांना मान्य नव्हतं. अण्णा दिवसा साइटवर असायचे आणि रात्री शिरोलीला जाऊन फौंड्रीच्या चाळण्या वेल्ड करायचे, त्या पैशावर आठवड्याचा पगार व्हायचा. शेवटी पालिकेने आमचं काम थांबवून उरलेलं पुन्हा निविदेला काढलं.

ते ज्याने घेतलं त्याचा दर आमच्या दरापेक्षा इतका खाली होता की नुसतं डिझेल सुटणार नाही. पण त्याला तेवढं डिझेल लागणारच नव्हतं. तपासणीच्या दिवशी ट्रॉमेल फिरायचा, एरवी पोकलेन. ढीग उचलून त्याच जागेच्या मागच्या सखल अंगाला पसरला. आरडीएफ म्हणून गासड्या बांधल्या आणि कंपाउंडच्या पलीकडे ताडपत्रीखाली ठेवल्या. ड्रोनला काय दिसणार? ढीग खाली आलेला. घनमीटर कमी, बिल पास. आधीचा आणि नंतरचा फोटो पेपरात आला, शाल-श्रीफळ झालं. आणि खरा घाव पुढचा: त्याच्याकडे आता 'काम पूर्ण' असा दाखला आहे, आमच्याकडे 'अंशतः'. पुढच्या मोठ्या निविदांत तत्सम कामाच्या अनुभवाच्या अटीत तो बसतो, आम्ही पहिल्याच, पात्रतेच्या लिफाफ्यात बाद.

प्री-बिड (निविदा भरण्याआधीच्या) बैठकीत दर परवडत नाही म्हणालं की लगेच इंदूर तोंडावर मारतात. 2018 ला देवगुराडियाचा 13 लाख टनांचा ढीग इंदूरने काही महिन्यांत, 10 कोटींच्या आत काढला, मग तुम्हाला काय झालं? इंदूरने चांगलंच केलं, ते मी नाकारत नाही. पण त्यांनी टनाचा ठेका दिला नव्हता. मशिनं भाड्याने घेतली, माणसं आणि देखरेख महापालिकेची, आयुक्त स्वतः मागे लागलेले. तसं करायचं असेल तर आमच्याकडून ट्रॉमेल तासाच्या भाड्याने न्या, मी आनंदाने देतो. दुसऱ्या टोकाला मुंबई. देवनारचे 185 लाख टन उपसायला 2025 मध्ये 2368 कोटींची निविदा निघाली. भागाकार करा, टनाला साधारण 1280 येतात. मुंबईचा खर्च वेगळा, वाहतूक वेगळी, कबूल. पण मग 550 मध्ये सगळं नीट झालं असं कोणी सांगितलं की मागच्या सखल अंगाला एक चक्कर मारून यावी.

फोन करणाऱ्या पोरांना, विचारलंच आहे तर. निविदा भरायच्या आधी ढिगात स्वतःच्या पैशाने खड्डे काढा, अगदी तळापर्यंत, आणि प्रत्येक थराची घनता लिहून पालिकेला पोचपावतीसह द्या. पैसे काट्यावर की घनमीटरवर हे करारात एकाच ठिकाणी, एकाच शब्दात असू द्या. आरडीएफ कुठे जाणार ते आधी ठरवा. 2016 च्या नियमात 100 किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी थोडं आरडीएफ वापरावं असं होतं, पण सिमेंटची पाटी दिसली म्हणून खूश होऊ नका. पुष्कळ ठिकाणी नुसतं क्लिंकर (दुसरीकडच्या भट्टीतून आलेले सिमेंटचे खडे) दळतात, भट्टीच नसते. आमच्याकडून भट्टी म्हणजे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे, नाहीतर त्याहून लांब वाडी किंवा थेट चंद्रपूर, आणि आरडीएफची गाडी वजनाने नाही, जागेने भरते. रोलर आणि बेअरिंगचा एक जादा संच साइटवर ठेवा. आणि आगीसाठी पाण्याचा टँकर मार्चपासून उभा ठेवा, ढीग उकरला की आतला वायू बाहेर येतो.

2025 च्या जुलैत दूषित जागांचे नवे नियम आले. देशात अशा 103 जागा शोधल्यात आणि काम सातच ठिकाणी सुरू आहे, असं तेव्हा छापून आलं होतं. प्रदूषण करणाऱ्याकडून वसुली, तो सापडत नसेल तर सरकारचा पैसा. बऱ्याच जणांनी मला अभिनंदनाचे मेसेज केले, जणू आमचंच काम निघालं. ते रसायनांचं काम आहे, साधे कचरा डेपो त्यात येत नाहीत. आणि रसायनाच्या जमिनीत आमची चाळणी काय करणार?

छोट्या नगरपरिषदेची जमीन मोकळी झाली. एका भागात घंटागाड्यांची शेड आणि सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण केंद्र आहे, दुसऱ्या भागात झाडं. व्यापारी संकुल बांधायचा ठराव मध्यंतरी आला होता; निरीक्षक साहेब निवृत्त होऊनही सभेला गेले आणि भराव अजून बसायचा आहे, एवढं सांगून आले. अण्णांनी 2023 ला भागीदारी सोडली, तरी वेल्डिंग बघायला येतात आणि पोरांना शिव्या देतात.

महापालिकेकडे आमची सुरक्षा ठेव आणि दोन बिलं अजून आहेत. हा वाद आर्बिट्रेशनमध्ये आहे, त्याची पुढची तारीख पडली आहे. खड्ड्यांच्या वजनाच्या नोंदी, फोटो, साक्षीदारांच्या सह्या, सगळं अण्णांनी तेव्हाच एका फाइलीत लावून ठेवलं होतं, त्याच्या प्रती वकिलाकडे दिल्या आहेत. दरम्यान त्याच शहराने 'उर्वरित कचरा' नावाची नवी निविदा काढली आहे. उर्वरित म्हणजे कंपाउंडच्या पलीकडच्या गासड्या आणि मागच्या सखल अंगावरचा माल. तत्सम कामाची अट त्यात पुन्हा आहे. आम्ही ती भरणार नाही. मात्र प्री-बिडला हा माल तिथे कुणी आणि कधी टाकला, हा प्रश्न लेखी दिला आहे.